न झालेल्या खेळाची वर्गणी

मराठी ग्रंथव्यवहाराला एक जुनी चाल चांगली परिचित आहे. ग्रंथ कधी लिहून तयार असे, कधी अर्धामुर्धा झालेला असे, तर कधी केवळ ग्रंथकर्त्याच्या मनातच असे; छपाईला मात्र पैसा नसे. मग ग्रंथकर्ता जाहीर पत्रक काढी, गावोगावच्या रसिकांना पत्रे धाडी, आगाऊ वर्गणी गोळा करी, आणि ग्रंथ बाहेर पडला म्हणजे त्याच्या शेवटी आश्रयदात्यांची नावनिशीवार यादी छापी. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे राहिले तेही भागधारक आणि आगाऊ ग्राहक यांच्या भरवशावर. आणि त्या खटाटोपाची हकीगत केतकरांनी पुढे ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात सांगितली. पैसे देणाऱ्याने ग्रंथ पाहिलेला नसे. त्याने फार तर माणूस पाहिलेला असे, किंवा त्याचे नाव ऐकलेले असे.

हीच चाल गेली काही वर्षे एका अगदी वेगळ्या क्षेत्रात रूढ झाली आहे, आणि ते क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेमचे. ज्यांचा या खेळांशी संबंध नातवंडांच्या हातातील फोनपुरताच येतो, त्यांना यात वर्गणी गोळा करण्यासारखे काय आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे खेळ करावयाचे म्हणजे कोणीतरी कथा लिहावी लागते, चित्रे काढावी लागतात, संगीत रचावे लागते, आणि हे सारे यंत्राला समजेल अशा भाषेत बांधावे लागते. मोठ्या कंपन्या या कामावर शेकडो माणसे नेमतात. पण ज्याला स्वतंत्र किंवा ‘इंडी’ खेळ म्हणतात, तो तीन-चार माणसे, कधी कधी एकच माणूस, कोणत्याही प्रकाशकाचा हुकूम न घेता तयार करीत असतो. अशा माणसांना बँक कर्ज देत नाही, कारण तारण ठेवण्याजोगे त्यांच्याजवळ काही नसते. प्रकाशक पैसे देतो, पण त्याबरोबर बदलही सुचवितो. मग ते जनतेकडे वळतात. या व्यवहाराला ‘क्राउडफंडिंग’ हे नाव आहे. आपल्या भाषेत लोकवर्गणी.

समजा, इंदूरच्या एखाद्या कचेरीत नोकरी करणारा एक तरुण रात्री जेवणानंतर आपल्या संगणकावर असे एक आवाहन वाचतो आहे. वर दोन-तीन मिनिटांची चित्रफीत आहे. खाली रंगीत चित्रे आहेत, करणाऱ्यांचे हसरे फोटो आहेत, आणि एका बाजूला तीन आकडे आहेत: किती रक्कम हवी, किती जमली आणि किती दिवस उरले. वीस डॉलर दिल्यास खेळ तयार झाल्यावर त्याची प्रत मिळेल, पन्नास दिल्यास प्रत आणि चित्रांचे पुस्तक, अशी श्रेणी लावलेली आहे. वीस डॉलर म्हणजे बँकेचे परकीय चलनाचे शुल्क धरून जवळजवळ दोन हजार रुपये. एवढ्या पैशांत त्याला तयार झालेले, लोकांनी खेळून वाखाणलेले दोन-तीन खेळ आजच विकत मिळू शकतात. मग न झालेल्या खेळासाठी त्याने ते का द्यावेत?

या व्यवहाराचे नियम प्रथम नीट समजून घेतले पाहिजेत. या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध संस्था ‘किकस्टार्टर’ ही २००९ साली न्यू यॉर्क येथे सुरू झाली. आवाहन करणाराने रक्कम आणि मुदत स्वतःच ठरवावयाची. मुदत साठ दिवसांपेक्षा अधिक असत नाही. त्या मुदतीत ठरलेली रक्कम पुरी झाली तरच वर्गणीदारांच्या खात्यांतून पैसे जातात. एक डॉलर जरी कमी पडला तरी कोणाचाही एक छदाम घेतला जात नाही. अर्धवट पैशांत अर्धवट काम सुरू होऊ नये, ही त्यामागील दृष्टी. आणि ती शहाणपणाची आहे. रक्कम पुरी झाल्यास संस्था आपले पाच टक्के कापून घेते आणि पैशांची ने-आण करणारी मंडळी आपला हिस्सा निराळा घेतात. त्यानंतर मात्र संस्था बाजूला होते. खेळ होईल की नाही याची हमी ती देत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये तिच्या चालकांनी ‘किकस्टार्टर हे दुकान नव्हे’ असे स्वच्छ जाहीर केले, आणि तेव्हापासून प्रत्येक आवाहनात ‘धोके आणि अडचणी’ या मथळ्याचा मजकूर सक्तीचा झाला. इंदूरच्या तरुणाने चित्रफीत पाहण्यापूर्वी तो मजकूर वाचावा. ज्याने तेथे ‘आम्ही अनुभवी आहोत, काळजी नसावी’ एवढेच लिहिले आहे, त्याने स्वतःच्या कामाची काळजी अद्याप केलेली नाही असे खुशाल समजावे.

दुकानाचा हा खुलासा करण्याची पाळी का आली, हे समजण्यासाठी त्याच वर्षीच्या फेब्रुवारी महिन्याकडे वळावे लागते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे टिम शेफर नावाचे एक खेळकर्ते आहेत. संवाद, कोडी आणि विनोद यांच्या आधाराने पुढे जाणाऱ्या कथाप्रधान खेळांसाठी ते नाणावलेले. पण असे खेळ आता खपत नाहीत अशी प्रकाशकांची खात्री झाली होती आणि त्यांवर पैसे लावावयास कोणी तयार नव्हते. शेफर यांच्या ‘डबल फाइन’ या संस्थेने थेट चाहत्यांकडे ४ लाख डॉलर मागितले. त्यांतील ३ लाख खेळासाठी आणि १ लाख तो खेळ कसा तयार होतो याच्या माहितीपटासाठी. पहिल्या दिवसभरातच आकडा १० लाखांच्या पुढे गेला. मुदत संपली तेव्हा ८७ हजारांहून अधिक माणसांनी मिळून ३३ लाख डॉलरांवर रक्कम जमविली होती. खेळाला तोपर्यंत धड नावही नव्हते. प्रकाशकांचा अंदाज चुकला, लोकांना हे हवे होते, हे इतक्या थोड्या दिवसांत आणि इतक्या ठसठशीतपणे यापूर्वी कोणी दाखविलेले नव्हते.

पुढची हकीगत मात्र वर्गणीदाराने कान देऊन ऐकण्यासारखी आहे. मागितलेल्या रकमेच्या आठपट पैसे आल्यावर काम वेळेपूर्वी व्हावे असे कोणालाही वाटेल. झाले ते उलटे. पैसे वाढले तशी खेळाची कल्पनाही वाढली. दृश्ये वाढली, पात्रे वाढली, नामवंत नट आवाजासाठी आले. ऑक्टोबर २०१२ ची वेळ केव्हाच टळून गेली. २०१३ च्या जुलैमध्ये शेफर यांनी वर्गणीदारांना कळविले की पैसे पुरणार नाहीत; खेळ दोन भागांत काढू आणि पहिल्या भागाच्या विक्रीतून दुसरा पुरा करू. पुष्कळांनी संताप व्यक्त केला. ‘ब्रोकन एज’ या नावाने पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आला आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. राक्षसाला बळी द्यावयाची ठरलेली एक मुलगी आणि अंतराळयानात एकटाच वाढणारा एक मुलगा, अशी त्याची दुहेरी कथा आहे. खेळ चांगला आहे. त्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका उतरला नाही, असे म्हणणारेही आहेत. या साऱ्या काळात तो माहितीपट मात्र चालूच होता, आणि अंदाजपत्रक कोसळत असतानाच्या बैठका त्यात जशाच्या तशा दाखविलेल्या आहेत. चुकलेला हिशेब इतक्या उघडपणे जगापुढे मांडण्याचे धैर्य सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही कचेरीत क्वचितच आढळते.

येथे वर्गणीदाराचे स्थान काय, हा प्रश्न उपस्थित होतो. तो ग्राहक म्हणावा, तर विकत घेण्याची वस्तू अस्तित्वातच नाही. तो भागीदार म्हणावा, तर उद्या त्या खेळाने कोट्यवधी मिळविले तरी त्याला एक पैसा मिळावयाचा नाही. तो दाता म्हणावा, तर त्याला परतभेट कबूल केलेली आहे आणि ती मागण्याचा त्याला हक्क आहे. या तिहींच्या मधोमध त्याची जागा आहे आणि ती अडचणीची आहे. २०१४ साली दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणे काम पुरे न करू शकणाऱ्याने पैसे कसे खर्च झाले ते सांगावे आणि उरलेले परत करावेत, एवढे बंधन आहे. पण उरलेले म्हणजे बहुधा शून्यच असते. आपल्या देशाला या नात्याची अगदीच ओळख नाही असे नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ या १९७६ सालच्या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, आणि पुढे तेच शेतकरी गाड्या भरभरून आपला चित्रपट पाहावयास आले. दोन रुपयांवर त्यांना व्याज नको होते. आपल्या जगण्याची गोष्ट पडद्यावर यावी एवढेच हवे होते, आणि ती आली.

पैसे बुडण्याची शक्यता किती, याचेही काही मोजमाप झालेले आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक या संशोधकाने २०१५ साली जवळजवळ पन्नास हजार वर्गणीदारांकडून माहिती मागविली. यशस्वी ठरलेल्या आवाहनांपैकी शेकडा नऊ जणांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही असे त्यातून निघाले. ही संख्या सर्व प्रकारच्या कामांची आहे, केवळ खेळांची नव्हे. त्याच संशोधकाच्या आधीच्या पाहणीत शेकडा पंचाहत्तरांहून अधिक कामे उशिरा झाल्याचे दिसले होते. म्हणजे बुडवेगिरीची भीती लोकांना वाटते तितकी मोठी नाही, आणि उशीर हा मात्र नियमच समजावा. पानावर छापलेली तारीख ही आगगाडीच्या वेळापत्रकासारखी न वाचता मुलीच्या लग्नाच्या खर्चाच्या पहिल्या यादीसारखी वाचावी.

आता हिशेबाकडे वळू. चित्रे आणि संगीत यांचा मोह बाजूला ठेवून इंदूरच्या तरुणाने कागद-पेन्सिल घ्यावी, कारण या सगळ्या प्रकरणात त्याला स्वतःला पडताळता येण्याजोगी हीच एक गोष्ट आहे. खेळाचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसांचा पगार. कच्चा माल नाही, वाहतूक नाही, गोदाम नाही. समजा, पुण्यातील पाच माणसे दोन वर्षांत खेळ करतो म्हणतात. सरासरी साठ हजार रुपये पगार धरला तर महिन्याला तीन लाख, दोन वर्षांचे बहात्तर लाख. त्यावर जागेचे भाडे, संगणक, ध्वनिमुद्रण, इतर भाषांतील भाषांतरे आणि खेळातील चुका शोधणाऱ्यांचे मानधन. शिवाय जमलेल्या रकमेतून संस्था आणि पैसे पोचविणारे मिळून आठ-दहा टक्के नेणार. सदरे, पुस्तके असल्या परतभेटी कबूल केल्या असतील तर त्या बनविण्याचा आणि परदेशी टपालाचा खर्च निराळा, आणि कराची बाब त्याहूनही निराळी. आता त्या पानावर जर पंधरा लाख रुपयांचीच मागणी असेल, तर ती पाच महिन्यांच्या पगारापुरती आहे. उरलेले एकोणीस महिने ही माणसे कशावर जगणार?

या प्रश्नाला चांगली उत्तरे असू शकतात. काम पुष्कळसे झालेले असेल. माणसांची स्वतःची शिल्लक असेल. दुसरा कोणी पैसे लावणार असेल. प्राग शहरातील एका संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ या मध्ययुगीन बोहेमियावरील खेळासाठी ३ लाख पौंड मागितले आणि ११ लाख मिळविले. एवढ्या पैशांत तो खेळ होणारच नव्हता, आणि त्यांनी ते लपविलेही नाही. एका धनिकाला लोकांच्या आवडीचा पुरावा हवा होता आणि वर्गणी हा तो पुरावा होता. खेळ २०१८ च्या फेब्रुवारीत आला. जेथे असे उत्तर पानावर लिहिलेले आहे तेथे लहान मागणीला दोष देता येत नाही. जेथे उत्तरच नाही, तेथे करणारे बहुधा फसवीत नसतात. ते स्वतःलाच फसवीत असतात, आणि वर्गणीदाराच्या दृष्टीने परिणाम एकच.

अमेरिकेतील ‘यॉट क्लब गेम्स’ या छोट्या संस्थेने या बाबतीत मोठा उपकार करून ठेवला आहे. तिने २०१३ साली ‘शव्हल नाइट’ या खेळासाठी ७५ हजार डॉलर मागितले आणि ३ लाख ११ हजारांवर मिळविले. खेळ जून २०१४ मध्ये आला, आणि त्यानंतर लवकरच संस्थेने आपला जमाखर्च स्वतःहून प्रसिद्ध केला. तिकडे या धंद्यात माणशी महिना दहा हजार डॉलर हा ढोबळ हिशेब धरतात. त्या मानाने सहा माणसांना ७५ हजार सव्वा महिना पुरले असते आणि ३ लाख ११ हजार जेमतेम पाच महिने. काम चौदा महिने चालले. पैसे मधेच संपले, आणि खेळ बाजारात येण्यापूर्वीचे पाचएक महिने ही मंडळी बिनपगारी राबली. खेळ खपला म्हणून ही हकीगत आज कौतुकाने सांगता येते. न खपता तर तीच हकीगत बेहिशेबीपणाचा नमुना म्हणून सांगितली गेली असती, आणि हिशेबाचे आकडे दोन्ही वेळा तेच राहिले असते.

हिशेब पडताळला, आता माणसांची पारख. येथे बहुतेक लोक कीर्तीवर भिस्त ठेवतात, आणि तेथेच चूक होते. नील स्टीफनसन हे अमेरिकेतील थोर विज्ञानकादंबरीकार. २०१२ साली त्यांनी तलवारयुद्धाच्या एका खेळासाठी आवाहन केले. हल्लीच्या खेळांतील तलवारी काठीसारख्या फिरविल्या जातात, खरी विद्या त्यांत नाही, ही त्यांची तक्रार रास्त होती. ‘क्लँग’ हे त्या खेळाचे नाव. ५ लाख २६ हजार डॉलर जमले. त्यातून एक प्राथमिक नमुना तयार करावयाचा आणि तो दाखवून पुढचे भांडवल उभे करावयाचे, असा बेत होता. नमुना झाला, भांडवल मिळाले नाही, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये काम थांबल्याचे जाहीर झाले. त्या वेळी स्टीफनसन यांनी दिलेली कबुली मोठी प्रांजळ आहे: ऐतिहासिक बिनचूकपणाच्या मागे लागल्यामुळे नमुन्यात नवेपणा आला, पण तो खेळावयास गंमत वाटेना, आणि त्यात आपलाही दोष आहे. उत्तम कादंबरी लिहिणे आणि उत्तम खेळ करणे या दोन निराळ्या विद्या आहेत, एवढाच याचा अर्थ. गवयाच्या नावावर मृदंग विकत घेऊ नये.

याच्या उलट बाजूला टोबी फॉक्स या तरुणाचे उदाहरण आहे. २०१३ साली त्याने ‘अंडरटेल’ या खेळासाठी अवघे ५ हजार डॉलर मागितले. वय एकवीस. पाठीशी कोणतीही मोठी संस्था नाही, आणि चित्रे तर अशी ओबडधोबड की पहिल्या दृष्टीला कोणी फिरून पाहू नये. पण आवाहनापूर्वीच त्याने खेळाचा आरंभीचा भाग लोकांना फुकट खेळावयास दिलेला होता. ज्या राक्षसांशी सामना होतो त्यांना मारल्याशिवाय, त्यांच्याशी बोलून वा त्यांना क्षमा करून, पुढे जाता येते, ही त्याची मुख्य कल्पना त्या अर्ध्या तासाच्या डेमोतच खेळणाऱ्याच्या हाताला लागत होती. २,३९८ जणांनी मिळून ५१ हजार डॉलर दिले. बहुतांश काम एकट्याने करून, संगीतही स्वतःच रचून, सप्टेंबर २०१५ मध्ये त्याने खेळ पुरा केला, आणि त्या दशकातील सर्वांत आवडत्या खेळांत त्याची गणना झाली. खेळून पाहता येणारा अर्धा तास हा चित्रफितीतील देखाव्यांहून आणि करणाऱ्याच्या नावाहून अधिक भरवशाचा, असे या दोन उदाहरणांवरून म्हणावयास हरकत नाही. चित्रफितीत हवे ते दाखविता येते; हातात दिलेल्या खेळात ते जमत नाही.

आणखी एक फास ओळखून असावे. रक्कम पुरी झाल्यावर लोकांचा उत्साह टिकावा म्हणून वाढीव आश्वासने देण्याची पद्धत आहे: एवढे आणखी जमल्यास नवे पात्र, तेवढे जमल्यास नवा प्रदेश. आश्वासन देताना ती एक ओळ असते. पुरे करताना ते वर्षानुवर्षांचे काम होते. ‘शव्हल नाइट’च्या मंडळींनी शत्रुपक्षातील काही पात्रे घेऊनही खेळता येईल असे कबूल केले होते. तो शब्द पाळण्यात त्यांची डिसेंबर २०१९ पर्यंतची वर्षे गेली, आणि त्यासाठी जुन्या वर्गणीदारांकडून एक पैसाही अधिक घेतला नाही. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातल्या ‘टीम चेरी’ या दोन-तीन जणांच्या चमूची गोष्ट याहून लांबली. २०१४ च्या अखेरीस त्यांनी ‘हॉलो नाइट’ या कीटकांच्या भूमिगत राज्यावरील खेळासाठी ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. ५७ हजार जमले आणि त्याबरोबर दुसरे एक पात्र देण्याचे वाढीव आश्वासनही लागू झाले. मूळ खेळ फेब्रुवारी २०१७ मध्ये आला आणि अफाट गाजला. दुसऱ्या पात्राचे काम मात्र फुगत फुगत गेले. २०१९ साली तो ‘सिल्कसाँग’ नावाचा स्वतंत्र खेळच होणार असे जाहीर झाले, आणि तो बाहेर पडला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. जुन्या वर्गणीदारांना तो विनामूल्य मिळाला. २०१४ साली कॉलेजात असलेला वर्गणीदार एव्हाना संसारी गृहस्थ झाला असेल. त्याला मिळाले ते कबूल केल्याहून कितीतरी अधिक, पण पावणेअकरा वर्षांनी. याला सचोटी म्हणावे की दिरंगाई, ते ज्याने त्याने ठरवावे.

ज्या आवाहनाला अंतच नाही ते मात्र दुरूनच पाहावे. क्रिस रॉबर्ट्स यांच्या ‘स्टार सिटिझन’ या अंतराळयुद्धाच्या खेळासाठी २०१२ साली वर्गणी सुरू झाली आणि दोन वर्षांत खेळ देण्याचे बोलणे होते. लोकांकडून ७० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली तरी तो पुरा झालेला नव्हता. तेथे पैसे देणाऱ्यांना अपुऱ्या अवस्थेतही पुष्कळ खेळावयास मिळते आणि त्यांतील अनेकजण समाधानीही आहेत. पण त्यांची गोष्ट निराळी. वर्गणी देऊन ते मोकळे झालेले नाहीत. दर वर्षी नव्या जहाजासाठी पुन्हा खिशात हात घालण्याची सवय त्यांनी लावून घेतली आहे.

इतके सगळे ऐकल्यावर इंदूरचा तरुण पान मिटून निजावयास गेला, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. त्याचे पैसे वाचले. खेळ झालाच, तर झाल्यावर विकत घेता येईल. हा विचार व्यवहाराला धरून आहे, आणि बहुसंख्य लोक तो करतात. तो सर्वांनीच केला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण पुण्यात घडले आहे.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ करावयास घेतला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कहाणी सांगत असतात. राजस्थानी वाड्या-महालांची बांधणी, पहाडी चित्रशैलीचे रंग आणि मधल्या प्रसंगांसाठी छायाबाहुल्यांचा खेळ, असा त्याचा थाट. जगातील खेळांत ग्रीक देव आणि उत्तरेकडील थंड देशांचे देव उदंड झाले होते. आपल्या पुराणांकडे कोणी आस्थेने पाहिलेले नव्हते. २०१७ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर १ लाख २० हजार पौंडांचे आवाहन केले. आकड्याला हसण्यासारखे त्यात काही नव्हते. पगारांचा हिशेब मांडला तर ती मागणी प्रामाणिकच ठरते. रक्कम पुरी झाली नाही. नियमाप्रमाणे कोणाचेही पैसे घेतले गेले नाहीत. ज्यांनी होकार दिला होता आणि ज्यांनी दिला नव्हता, ते सारे एकाच पंक्तीला बसले. उत्तम हिशेबाचे आवाहनही फसते. आणि ते फसले म्हणजे खेळ वाईट होता असे ठरत नाही, एवढे यावरून दिसते.

काम थांबले नाही. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, श्रुती घोष, यांनी स्वतःचे राहते घर विकून संस्था चालू ठेवली. पुढे बाहेरून साहाय्य मिळाले, प्रकाशक मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी’ प्रथम निंटेंडोच्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. खेळ लहान आहे. त्यातील लढायांची रचना काहींना कच्ची वाटली. चित्रे आणि संगीत यांची मात्र वाहवा झाली. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्तम पदार्पणाच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला.

वर्गणी म्हणून जे ओझे हजारो माणसांत दोन-दोन हजारांनी वाटले गेले असते, ते एका घरावर पडले. खेळाची प्रत मात्र २०१७ साली त्या पानावरून पुढे गेलेल्या माणसालाही इतरांइतक्याच किमतीत मिळाली.